घागरभर मांजरा

जिल्हा नवा झाला आन पाऊस जुन्या जिल्ह्यातच राहिला, असं आमच्याकडं म्हणत्यात, ते काय खोटं न्हाई. लातूर जिल्हा झाला तवा उदगिरात पेढे वाटले. त्याच्या म्होरच्या उन्हाळ्यात तिरू नदीच्या पात्रात बकऱ्या सावली हुडकत बसायला लागल्या. त्याच तिरूच्या काठाला, जळकोटाच्या अलीकडं एक गाव हाय. तिथं माणिकप्पा गुर्जीची साळा. दोन खोल्या, एक लिंबाचं झाड, आन चारी वर्गाला मिळून गुर्जी एकलेच.

माणूस वाईट न्हवता. हे आधीच सांगून ठिवतो, कारण म्होरं ऐकताना तुम्ही त्याला शिव्या घालाल. कपाळाला विभूतीचे पट्टे, धोतर कायम पांढरं, आन आवाज असा की वर्गात बोलायला लागला की रस्त्यानं गुरं नेणारा गडी थांबून ऐकायचा. भूगोल शिकवावा तर माणिकप्पा गुर्जीनंच. डोंगर म्हणला की हात वर जायचा, नदी म्हणली की कंबर वाकायची.

दुःख एकच. साहेब कधी आलाच न्हाई. भिंतीवरल्या जुन्या नकाशात हे गाव उस्मानाबाद जिल्ह्याच्या पार टोकाला. "शेपटीवरच्या गोचिडाकडं कोण बघतंय," गुर्जी म्हणायचे. इतकी वर्षं जीव तोडून शिकवलं, पण शाबास म्हणायला माणूस आला न्हाई. आन आता लातूर हाकेवर आलं. निरोप आला की तपासणीचे साहेब जीप घेऊन यायलेत.

गुर्जीच्या अंगात वारं शिरलं. नव्या जिल्ह्याचा नकाशा आला न्हवता, पुस्तक तर जुनंच. गुर्जी म्हणले, आपण करू. साळंच्या अंगणात पोरांकडून माती खोदून घेतली, शेण कालवलं, आन सबंद लातूर जिल्हा जमिनीवर मांडला. बालाघाटाचे डोंगर टोपल्या टोपल्यानं रचले. राखेनं हद्द वढली. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, जागच्या जागी खापऱ्या ठिवल्या. नद्या बोटानं कोरल्या, आन मांजरेची चर चांगली वीतभर रुंद केली. ती पार पायरीपर्यंत गेली. पायरीच्या तिकडं कर्नाटक.

पोरं खुश. रोज नकाशाच्या कडंला बसून धडा चालायचा.

"आपल्या गावाजवळून कोणती नदी वाहती?"

मारोती उठला. लई तिखट पोरगं. "तिरू, गुर्जी. पण ती वाहत न्हाई."

"पुस्तकात वाहती. वाहती म्हण."

"वाहती," मारोती म्हणला, आन खाली बसता बसता शेजारच्याला म्हणला, "जा मंग, पुस्तकातून घागर भरून आण."

सगळे हसले. गुर्जीबी हसले. तिथं जरा थांबायला पायजे व्हतं, पण हसून म्होरं गेले.

मंग त्यांच्या डोक्यात ते आलं. साहेबाच्या म्होरं नद्या वाहवायच्या. एकेका पोराला एकेक नदी दिली. मारोतीला तिरू. कुणाला तेरणा, कुणाला मन्याड, कुणाला घरणी. मांजरा दिली जगदेवीला. बसम्माची धाकटी पोरगी. बारीक, काळीसावळी, बोलायची कमी, पण सांगितलेलं एक अक्षर सांडायची न्हाई.

"जगदेवी, मांजरा म्हंजे कशी?"

"सगळ्यात मोठी, गुर्जी. बाकीच्या तिला येऊन मिळत्यात."

"शाबास. उद्या साहेब यायलेत. ज्याची नदी त्यानं तिचं पाणी आणायचं. तांब्याभर."

आता तुम्ही म्हणाल, दुस्काळात पाणी मागताना ह्या माणसाला काय वाटलं न्हाई का? न्हाई वाटलं. त्याचं कारण सांगतो. गावच्या हिरी आटल्या व्हत्या. टँकर आला तर आला. पाणी मिळायचं ते तिरूच्या झिऱ्यात. झिरा म्हंजे पात्रातल्या वाळूत खड्डा करायचा, आन खालून पाणी पाझरंल तसं नारळाच्या करवंटीनं भरून घागरीत टाकायचं. एक घागर भरायला बायकांचं कंबरडं मोडायचं. पण गुर्जीच्या घरचा रांजण कायम भरलेला. गुर्जीच्या घरी पाणी भरलं की पोराला इद्या येती, ही गावाची समज. साळंत यायच्या आधी पोरं पाळीपाळीनं रांजण भरून जायची. त्यामुळं गुर्जी रोज तिरू शिकवायचे, पण त्या उन्हाळ्यात तिरूत उतरले न्हवते.

दुसऱ्या दिशी सकाळची साळा. पोरं तांबे घेऊन आली. कुणाचा अर्धा, कुणाचा पाऊण. मारोतीनं तिरूसाठी वाटी आणली. "खरी तिरू एवढीबी न्हाई," म्हणला.

आन मागून जगदेवी आली. डोक्यावर तांब्याची घागर. मान खांद्यात गेलेली, दोन्ही हात वर, पाय असे टाकायली की जमीन अंडी हाय. एक थेंब सांडला न्हवता.

गुर्जीनं बघितलं. हे ध्यानात ठिवा, बघितलं. आन त्यांना कळलंबी. बसम्माची थोरली पोरगी बाळंतपणाला माहेरी आलेली, दोन-चार दिवसांखाली बाळंत झाली, सुंठवड्याची पुडी गुर्जीच्या घरीबी आली व्हती. अशा घरची भरली घागर साळंत कशी आली, हे विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात रस्त्यावर जीपचा धुरळा दिसला.

गुर्जीनं मांजरेच्या रुंद चरीकडं बघितलं. एवढ्या-एवढ्याशा तांब्यानं ती काय भरणार. घागर आसंल तर भरंल.

"शाबास," गुर्जी म्हणले. "ठिव लिंबाखाली."

साहेब उतरले. तरणा माणूस, काळा चष्मा. गुर्जीनं कंबर वाकवली, हात वर केला, डोंगर सांगितले, खापऱ्या दाखवल्या. मंग नद्यांची पाळी. पोरांनी पाणी सोडलं. तिरू वीतभर गेली आन जिरली. तेरणा बरी चालली. आन जगदेवीनं घागर तिरकी केली, हळू, दोन्ही हातांनी, जशी बाई पोराला न्हाऊ घालती. मांजरा निघाली. लातूरच्या खापरीला वळसा घालून निलंग्याकडं गेली, तेरणेला पोटात घेतलं, आन फेस काढत कर्नाटकात पोचली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी चष्मा काढला.

"वा, गुरुजी. सोमवारी मोठ्या साहेबांना घेऊन येतो. नद्या अशाच वाहत्या ठेवा."

शाबासकी मिळाली. सगळ्या नोकरीत पहिली. गुर्जी जीपच्या मागं फाट्यापर्यंत चालत गेले आन छाती काढून वापस आले.

साळा सुटली व्हती. अंगणात एकली जगदेवी. पायरीजवळ, कर्नाटकाच्या बाजूला, गुडघे टेकून बसलेली. मांजरा जिथं संपती तिथं तिनं हातानं खड्डा केला व्हता. म्होरं रिकामी घागर, हातात करवंटी. खड्ड्यात ध्यान लावून बसली व्हती.

"काय करायलीस ग?"

"झिरा काढायले, गुर्जी."

"कामून?"

"पाणी वापस न्यायचंय. अक्काची आज पाचवी हाय. तिच्या न्हाणीचं हाय हे." तिनं करवंटीनं चिखल ढवळला. "सगळं पाणी खाली येतंय म्हणला व्हता तुम्ही. येना गेलं."

गुर्जी पायरीवर टेकले.

"तांब्याच आणणार व्हते मी," ती म्हणली. "पण मांजरा तांब्यात कशी बसंल?"

तुम्ही म्हणाल, लेकरू येडं. येडं न्हाई. जे शिकवलं ते खरं मानलं तिनं. मांजरा सगळ्यात मोठी, म्हणून घरातलं सगळ्यात मोठं भांडं. नदी खालच्या अंगाला येती, म्हणून खाली बसून वाट बघायली. गुर्जीनं एवढं चांगलं शिकवलं नसतं तर ती तांब्याच आणती.

"तू घरी जा," गुर्जी म्हणले. "पाणी मी आणतो."

पोरगी रिकामी घागर घेऊन गेली. जाताना दोनदा वळून खड्ड्याकडं बघितलं.

गुर्जी घरी आले. बायको, गौरम्मा, चुलीम्होरं बसलेली.

"रांजणातलं एक घागर पाणी दे. बसम्माच्या घरी न्यायचंय."

"रांजणात कुठलं पाणी?" गौरम्मा म्हणली. "आज एकबी पोरगं भरायला आलं न्हाई. सगळी पाणी घेऊन साळंत गेली म्हणं. तुम्हीच बोलावलं व्हतं ना?"

गुर्जीनं रांजणात वाकून बघितलं. तळ दिसला. मंग खुंटीचं उपरणं डोक्याला गुंडाळलं, घागर घेतली आन भर उन्हात तिरूकडं निघाले.

झिऱ्यावर बायकांची रांग. धोतरातला माणूस घागर घेऊन आला तशा सगळ्या वळून बघायला लागल्या. मंग नागाबाई बोलली. म्हातारी, तोंडात दात न्हाई, पण चावायची चांगली.

"या गुर्जी. मांजरा आटली व्हय, तिरूवर आलाव ते?"

एक बाई पदरात हसली. गावाला सगळं कळलं व्हतं. पोरांनी घरी जाऊन टाळ्या वाजवूनच सांगितलं व्हतं.

"रांगंत बसतो, मावशी," गुर्जी म्हणले.

"बसा की. नदी बघून घ्या. पोरांना शिकवायला कामी येईल."

बसले. ऊन टाळूवर आलं, कलंडलं. पाळी आली तशी खड्ड्यात उतरले. करवंटी बुडवायची तर पाणीच न्हाई, नुसती वली वाळू. थांबायचं. कडंकडंनं चमकायला लागलं की अलगद टेकवायची. घाई केली की गढूळ. गुर्जीनं घाई केली, गढूळ केलं, वरून नागाबाईनं शिव्या घातल्या, बसून निवळायची वाट बघितली. मांडीत गोळे आले. विभूती घामानं डोळ्यात उतरली. घागर गळ्यापर्यंत आली तवा सावल्या लांब झाल्या व्हत्या. डोक्यावर उचलता येईना. खांद्यावर घेतली. वाटंत हिंदकळून सदरा भिजला, आन दर हिंदकळीला गुर्जीचा जीव खाली-वर.

बसम्माच्या दारात आले. बसम्मा धावत बाहेर आली, डोईवर पदर वढत.

"अवो गुर्जी, तुम्ही कशाला? आमचीच पोरगी येडी. तुम्ही तांब्या सांगितला, आन हिनं न इचारता बाळंतिणीची घागर उचलली. चांगली बडवली मी तिला."

दाराच्या मागं जगदेवी उभी. गालावर बोटं उठलेली. गुर्जीकडं बघायली. रडत न्हवती, नुसती बघायली.

तिथं गप बसलं तरी चाललं असतं. सगळा गाव तेच म्हणत व्हता, गुर्जीनं तांब्याच सांगितला. मानाचा माणूस मानानं वापस गेला असता. गुर्जीनं घागर खाली ठिवली.

"बसम्मा, तिला मारायचं न्हवतं. मांजरा मोठी हे म्याच शिकवलं." मंग घसा खाकरला. तो रस्त्यावरल्या गड्याला थांबवणारा आवाज कुठं गेला काय माहीत. "आन घागर म्या बघितली व्हती."

"बघितली व्हती?"

"हाव."

"तुमच्या घरी सुंठवडा धाडला व्हता आम्ही."

"हाव. समजलं व्हतं मला."

"मंग बोलला न्हाईत?"

"साहेब आले व्हते."

बसम्मा वाकली, घागर उचलली, आत जाऊन चुलीवरच्या हंड्यात वतली. आतून बाळाचा आवाज आला, बाळंतिणीनं काय तरी इचारलं, बसम्मानं हळू उत्तर दिलं. मंग रिकामी घागर आणून गुर्जीच्या म्होरं ठिवली. त्या गावात गुर्जी कुणाच्या उंबऱ्याला आला आन चहा न पिता गेला, असं कधी घडलं न्हवतं. बसम्मा चहाचं बोलली न्हाई. दार लोटलंबी न्हाई. नुसती उभी राहिली, जावा म्हणल्यासारखी.

गुर्जी घागर काखंत घालून वळले. मागून जगदेवीचा बारीक आवाज आला.

"गुर्जी, सोमवारी किती आणायचं?"

"काय आणायचं न्हाई," गुर्जी म्हणले. वळून बघायचा धीर झाला न्हाई.

सोमवारी मोठे साहेब आले. नकाशा तसाच, नद्या कोरड्या ठक. मांजरेच्या चरीत चिखलाच्या पापड्या सुटल्या व्हत्या. चष्मेवाल्या साहेबांचं तोंड उतरलं.

"गुरुजी, परवा तर वाहत होत्या. मी साहेबांना सांगून आणलं."

"उन्हाळा हाय, साहेब."

"तांब्याभर पाणी मिळालं नाही तुम्हाला?"

गुर्जीनं खाली बघितलं. मारोती मधी बोलायला उठत व्हता, गुर्जीनं त्याला हातानं बसवलं. मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं, आन जीप उदगीरला गेली. परत ह्या साळंत साहेब कधी आला ते मला तरी म्हाईत न्हाई.

म्होरं पाऊस पडला, नकाशा वाहून गेला, पुस्तकं नवी आली. गुर्जीनं पोरांकडून रांजण भरून घेणं बंद केलं. रोज स्वतः झिऱ्यावर जायचे, रांगंत बसायचे. बायकांनी कधी पाळी म्होरं दिली न्हाई, गुर्जीनं मागितलीबी न्हाई. पण नागाबाईनं त्यांचं नाव पाडलं ते पाडलं. घागर घेऊन उतरताना दिसले की म्हणायची, "सरका ग, मांजरा आली."

दुसऱ्या बायका हसायच्या. गुर्जीनं एकदाबी म्हणलं न्हाई, की असं म्हणू नका.

जगदेवी चौथी पास झाली. पण त्या घागरीच्या दिवसापासून नदीचा धडा आला की गुर्जी फळ्याकडं तोंड करून शिकवायचे.