दोन खोळींची पिशवी

मी एक जुनी रबरी पिशवी आहे, गरम पाण्याने शेकण्याची. मित्रांनो, माझ्याकडे हसत कोणी येत नाही. वाढदिवसाला मला भेट म्हणून कोणी देत नाही. त्याचा मला राग नाही.

मला घरी आणलं शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. दर महिन्याला त्यांच्या पोटात असं दुखायचं की त्या मशीनवरच दुमडून बसायच्या. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही!"

आठ वर्षांनी त्या दुखण्याला नाव मिळालं, एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर, भलत्याच जागी वाढत होता.

"अस्तर बाहेरून लागलं म्हणा की," बाई म्हणाल्या. "मी असं शिवलं असतं तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकलं असतं."

पोटासाठी त्यांनी मला फुलाफुलांची खोळ शिवली.

पुढे रोज सकाळी त्यांची बोटं सुजून ताठ होऊ लागली. सुईत दोरा ओवेना. मग हातांसाठी निळी खोळ आली. पोटाची खोळ हाताला नाही, हाताची पोटाला नाही. डॉक्टर दोन, फायलीही दोन. पोटाच्या डॉक्टरांना बोटं दाखवायची नाहीत आणि बोटांच्या डॉक्टरीणबाईंसमोर पोटाचा विषय काढायचा नाही. शिस्त म्हणजे शिस्त!

दोन्ही दुखणी ठाऊक होती फक्त मला. पण मला तोंड असलं तरी त्याला बूच आहे.

"शिवण फार होतंय, मशीन बंद ठेवा," असा सल्ला बोटांच्या डॉक्टरीणबाईंनी दिला. बाईंनी मशीनवर चादर टाकली. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

पुढच्या तपासणीला निघताना घाईत माझ्या अंगावर दोन्ही खोळी चढल्या. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला ठेवताना निळी सरकली.

"ही आतली कशाला?"

"ती पोटाची. ते तुमच्या खात्यात येत नाही."

"पोट शेजारणीचं आहे का?"

मग सगळं बाहेर आलं. रक्त तपासलं. शरीराचे पहारेकरीच, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच, घरच्यांना चोर समजून सांध्यांवर तुटून पडत होती.

"पोटाचा हा आजार असलेल्या बायकांमध्ये असे आजार थोडे जास्त दिसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "का, ते अजून नीट उलगडलेलं नाही. सगळ्यांनाच होतात असंही नाही. पण मला आधी कळलं असतं, तर ही तपासणी तेव्हाच केली असती."

औषधं सुरू झाली. एक बोट वाकडंच राहिलं. बाकीची हळूहळू वळू लागली. मशीनवरची चादर निघाली.

परवा सासूबाईंनीच मला भरलं, सुनेच्या पोटावर ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या वेळीही होतं गं. पिशवी नव्हती."

मित्रांनो, माझ्यात उकळतं पाणी ओतू नका. वापरून झालं की मला उलटी टांगा. आणि घरात कोणी दुखतंय म्हणालं, तर "कुठे?" एवढंच विचारून थांबू नका. "आणखी कुठे?" हेही विचारा. तुमच्या तोंडाला बूच नाही.