दुसरी आडवी शीर

मित्रांनो, परळच्या एका प्रयोगशाळेत खिडकीपाशी उभा असलेला, रंग उडालेला सूक्ष्मदर्शक तो मीच. अंबाल्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तीन भिंगे, पितळी चाके आणि उजेड आत घेणारा एक गोल आरसा, एवढीच माझी दौलत. मुंबईत आलो तेव्हा विद्यार्थी माझ्यापुढे रांग लावत. पुढे पडद्यावर चित्र दाखवणारी नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. नऊ वर्षांत भिंगांवर बुरशी चढली.

मला बाहेर काढले बकुळाताईंनी. करी रोडच्या गिरणी कामगाराची ही लेक आमच्याकडे तंत्रज्ञ. त्यांनी मला पुसले, तेल दिले आणि माझ्या नळीवर मोबाइल बसेल अशी पकड करून घेतली. त्यांना एकच वेड होते. पक्ष्यांच्या पिसांत दडून रक्त पिणाऱ्या चपट्या माश्यांच्या पंखांचे फोटो काढायचे आणि पंखांवरच्या शिरा पाहून जात ओळखायची.

एका मंगळवारी ठाकूरद्वारचे अप्पा आले. वय शहात्तर. त्यांच्या गच्चीवर चौदा कबुतरे होती. शेजारच्या इमारतीवर घारीचे घरटे. त्यातले एक पिल्लू माश्या लागून मेले, दुसरे मलूल झाले. पक्षी वाचवणाऱ्या रुचाने पिल्लावरच्या माशीचा फोटो संगणकावरच्या जात ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला दाखवला. उत्तर आले, ‘कबुतराची माशी’. सोसायटीने अप्पांना शनिवारपर्यंत कबुतरे हलवायची नोटीस दिली.

“बाय, माझ्या पाखरांची चूक असली तर मी स्वतः त्यांना दुसरीकडे देऊन येईन,” अप्पा म्हणाले. “पण खरं काय ते बघ.”

विभागाचे तरुण प्रमुख शंतनु सर म्हणाले, “बकुळाताई, प्रोग्रॅम ब्याण्णव टक्के खात्रीने सांगतोय. परत कशाला?”

“सर, फोटोत पंख दुमडलाय. दुमडलेल्या पंखावर कसली खात्री?”

त्यांनी रुचाकडून घारीच्या पिल्लावरच्या सात मेलेल्या माश्या मागवल्या. अप्पांच्या कबुतरांवरच्याही तीन मिळवल्या. आधी कबुतराच्या माशीचा पंख ठेवला. लांब शिरांना जोडणारी आडवी शीर एकच. मग घारीची माशी. ग्लिसरीनच्या थेंबात पंख सुईने अलगद पसरला. तिथेही एकच आडवी शीर दिसली. अप्पांनी मान खाली घातली.

बकुळाताई हलल्या नाहीत. त्यांनी माझा आरसा हळूहळू तिरका केला. खिडकीतला उजेड पंखावर आडवा सरकला आणि फिकट, केसासारखी एक रेघ उमटली. मी श्वास रोखला होता म्हणा ना!

“दुसरी आडवी शीर! सर, ही जातच वेगळी!”

शंतनु सर धावत आले. त्यांनी माझ्यावर डोळा टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही. घारीच्या सातही माश्यांच्या पंखांवर दोन आडव्या शिरा, कबुतरांच्या तिन्हींवर एक. फोटो बाहेरगावच्या तज्ज्ञांकडे गेले. शुक्रवारी उत्तर आले: ‘निदान बरोबर. हे फोटो आम्हाला प्रोग्रॅम सुधारायला हवेत.’

शनिवारी सोसायटीच्या सभेत शंतनु सरांनी दोन्ही पंखांचे फोटो भिंतीवर दाखवले आणि म्हणाले, “हे बकुळाताईंनी शोधलंय. त्याच सांगतील.” आयुष्यभर मागे उभ्या राहिलेल्या बकुळाताई पुढे आल्या. सभेने टाळ्या वाजवल्या. नोटीस मागे घेतली गेली. औषधोपचाराने दुसरे पिल्लू सावरले आणि महिन्याभरात गिरगावावर घिरट्या घालू लागले. अहवालावर पहिले नाव बकुळाताईंचे लागले, आणि साहित्याच्या यादीत माझे!

मित्रांनो, या म्हाताऱ्याचे एवढेच मागणे. जुन्या वस्तूंवर वरचेवर फडका फिरवत जा. आणि कुणाला दोषी ठरवायची घाई झाली, तर उजेड जरा तिरका करून पुन्हा एकदा बघा.