ठमाबाईचे एकेचाळीस डबे

ठमाबाईच्या ओट्याखालच्या कपाटात एकेचाळीस डबे होते. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, तुपाचे. एक कुठल्याशा लग्नातला, वर नवरा-नवरीचा फोटो चिकटवलेला. त्या दोघांचं वर्षाच्या आत फाटलं, डबा मात्र शाबूत. मखमलाबादचा मळा थोरल्याच्या हवाली करून म्हातारी धाकट्या अमोलच्या फ्लॅटात आली, तेव्हा सोनं लेकीला देऊन आली आणि डबे बरोबर घेऊन आली.

सून उज्वला शाळेत शिकवायची आणि बिल्डिंगच्या कमिटीत मिरवायची. रविवारी प्लॅस्टिक गोळा करणारी गाडी येणार होती. ज्या विंगचं वजन जास्त, तिचा सत्कार. बी विंगची पुढारी अर्थात उज्वला.

"आई, रविवारी तुमचे डबे देणार हं. ते वितळवून नव्या वस्तू करतात."

"आन् नाय वितळवले तर?"

"तर कचरा होऊन पडून राहतात."

"पडून कुठं ऱ्हायलेत? ह्याच्यात मेथीचं बी हाय, ह्याच्यात कुरडया. तुझ्या नवऱ्यापरीस जास्त राबतात."

"आणि परवा त्यातच उकळती आमटी ओतलीत. डब्याचं तोंड वाकडं झालं. ते प्लॅस्टिक आमटीत उतरतं, आपल्या पोटात जातं."

आमटीचं खरं होतं. ठमाबाईनं वाकड्या तोंडाचा डबा आत सरकवला. मग म्हणाली, "ने बाई. तुझं घर, तुझा सत्कार."

इतक्या लवकर मान तुकवणारी आपली आई नव्हे, हे अमोलला पक्कं ठाऊक होतं. पण बायको आणि आई यांच्या मधे तोंड घालायचं नाही, या एका नियमावर त्याचा संसार उभा होता. तो पेपरात शिरला.

गुरुवारी मळ्यातून भाजी आली. उज्वला शाळेत गेली की ठमाबाई पदर खोचायची. डब्यांतलं बी-बियाणं फडक्यांत बांधलं. लसणाची चटणी कुटली, मेथीचे धपाटे थापले, भोपळ्याच्या घारग्या तळल्या. गार झालं की डब्यात, आणि डबा लिफ्टमध्ये. बी विंगमध्ये आपलं सोडून एकेचाळीस घरं. शनिवारी दुपारपर्यंत तळमजल्यावरच्या लंकाबाईपासून सातव्या मजल्यावरच्या छायापर्यंत एक दार तिनं सोडलं नाही.

रविवारी गाडी आली. उज्वलानं कपाट उघडलं, तर आत अंधार.

"आई, डबे?"

"शेजारी दिलेत खायला. जा, आण मागून."

उज्वला गेली. छायानं डबा दाखवला, पण हातात दिला नाही. "रिकामा कसा देऊ गं? तुझ्या सासूबाई काय म्हणतील? रवा भाजायला घेतलाय. लाडू वळते, संध्याकाळी आणून देते."

लंकाबाईनं तर उंबऱ्यातच अडवलं. "शेजारणीचा डबा रिकामा धाडायचा? माझ्या आईनं नाय शिकवलं तसलं."

प्रत्येक मजल्यावर हेच. कुठं शंकरपाळे, कुठं चिवडा. एका घरी नुसतीच साखर घालून द्यायला निघाले, तर घरातल्या म्हातारीनं नातसुनेच्या हातातून डबा काढून घेतला. सगळा जिना फोडणीच्या वासानं भरला आणि उज्वलाचं पोतं तसंच हलकं राहिलं.

खाली गाडीवाल्या जयरामनं काटा लावला. एवढासा हलला. ए विंगवाले टाळ्या पिटायला लागले. मजा बघायला ठमाबाई खुर्ची घेऊन आधीच येऊन बसली होती.

"का रं, ह्या डब्यांचं करता काय?"

"वितळवून दुसरे डबे, बादल्या, असंच काहीबाही," जयराम म्हणाला.

"डब्याचा डबाच करायचा, तर भट्टी कशाला पेटवता? जाळाला काय कमी लागतं?"

जयराम हसला. "आजी, सगळ्यांनी तुमच्यासारखं केलं तर आमची गाडी विकावी लागंल."

ठमाबाईची मान ताठ झाली. तेवढ्यात लिफ्टमधून उज्वला आली. शेवटची आशा म्हणून ती रिकाम्या कपाटात टॉर्च घेऊन शिरली होती, आणि डब्यांची भिंत हटल्यावर मागं जे दिसलं ते तिनं उराशी धरून आणलं होतं. मसाला वेफर्सची रिकामी पाकिटं. घडी घातलेली, रबर लावलेली, गठ्ठेच्या गठ्ठे. टाकून द्यायचं म्हणून कधी माहीतच नव्हतं म्हातारीला.

"हे घ्या दादा, वजनाला."

जयरामनं एक पाकीट उलटंसुलटं केलं. "हे नाय चालत ताई. आत चंदेरी अस्तर असतं, वितळून त्याचं काही होत नाय. हे नुसतं जाळायला जातं."

उज्वला सासूकडे वळली. "आई, डॉक्टरांनी तुमचं मीठ कधीपासून बंद केलंय?"

"पाव्हण्यांची असतील."

"पाहुणे ओट्याखाली बसून खातात?"

लंकाबाई तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसली. ए विंगसुद्धा टाळ्या विसरली. ठमाबाईनं आभाळाकडे बघितलं, जसं काही तिथं कुणी ओळखीचं निघालं असतं.

उज्वला जवळ येऊन हळूच म्हणाली, "डबे राहू देत. पण गरम काही त्यात ओतायचं नाही. आणि असलं पाकीट पुन्हा सापडलं, तर एकूण एक डबा गाडीत."

ठमाबाईनं गठ्ठ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "मग वेफर्स घरीच तळू. चांगले गार करून भरते डब्यात."

"तळू की. मीठ मी घालणार."