रोज नेसायच्या साड्या

निवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात विमलबाईंनी कपाट रिकामं करायला घेतलं. दापोडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत करण्यासारखं दुसरं काही राहिलं नव्हतं. जळमटं काढून झाली होती, डाळींना ऊन दाखवून झालं होतं. नवरा, साहेबराव, जाऊन बरीच वर्षं लोटली होती. मुलगा बुद्धरत्न नोकरीसाठी जर्मनीत होता. रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा आणि त्यानंतरचा आठवडा सरता सरत नसे.

पलंगावर साड्या काढून ठेवल्या आणि त्या बघतच राहिल्या. गडद निळी, चॉकलेटी, काळपट हिरवी, परत चॉकलेटी. सगळ्या सिंथेटिक. चाकणच्या कंपनीत त्या गाड्यांचे रबरी पार्ट तपासायच्या. साडीवर राखाडी कोट चढवला की शिफ्ट सुरू. कोटाखालून जेवढी साडी दिसेल तिच्यावर तेलाचा डाग पडला तरी कळू नये, एवढंच बघून त्यांनी जन्मभर साड्या घेतल्या होत्या. दुसरीकडे मानपानाच्या साड्यांचा ढीग होता. चमकीच्या, अंगाला टोचणाऱ्या, कुणीतरी घाईघाईत उचलून हातात ठेवलेल्या. स्वतःला आवडली म्हणून घेतलेली एकही त्यांना त्यात सापडली नाही.

कोट शेवटच्या दिवशी कंपनीत जमा झाला होता. आता तेल कुठलं लागणार होतं?

दुसऱ्या दिवशी त्या पिंपरी कॅम्पात गेल्या. एकट्या कापड घ्यायला जायची ही त्यांची पहिलीच वेळ. इतकी वर्षं बरोबर कुसुमताई असायच्या. कंपनीत दोघी एकाच टेबलाला, डबाही एकत्र. दुकानात गेल्या की कुसुमताई साडी हिसकावून घेऊन म्हणायच्या, "ठेव ती खाली. हिच्यात तू आजारी दिसतीस." विमलबाईंच्या आधी वर्षभर त्या निवृत्त झाल्या आणि निघोज्याला मुलाकडे राहायला गेल्या. सुरुवातीला रोज फोन व्हायचे. मग नात झाली, आणि फोन कमी झाले.

दुकानातल्या माणसानं गादीवर बसवून पाणी दिलं. "लग्नाच्या का मावशी?"

"नाही."

"देण्याघेण्याच्या?"

"नाही हो. रोज नेसायला. मलाच."

त्यानं लगेच सिंथेटिकचा गठ्ठा ओढला. "रोजच्याला ह्याच बऱ्या. धुवा, झटका, नेसा."

"सुती दाखवा. थोड्याच घ्यायच्यात, पण चांगल्यातल्या. दहा वर्षं टिकतील अशा."

"रंग कुठला आवडतो तुम्हाला?"

शेजारी कुसुमताई असल्यासारखं विमलबाईंनी वळून पाहिलं. शेजारच्या गादीवर एक अख्खं कुटुंब नवरीच्या साड्यांवरून हसत-भांडत होतं. माणसानं थोडी वाट पाहिली आणि पाच-सहा साड्या आपल्याच मनानं उलगडल्या.

त्यातली एक फिकट पिवळी होती. मंगळगिरी, तो म्हणाला. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला. धागा घट्ट होता, पण हाताला थंड लागत होता. आरशासमोर उभं राहून त्यांनी ती खांद्यावर टाकली.

"कशी दिसते?" त्यांनी विचारलं.

"एक नंबर," तो दुसरी साडी घडी करता करता म्हणाला. मान वर केली नाही.

मग त्यांनी कुणाला विचारलं नाही. पिवळी घेतली, विहारात जायला बारीक निळ्या काठाची पांढरी घेतली आणि एक मोरपंखी इरकल. जाडसर सुती परकर घेतले. पिशवी हातात घेऊन रस्त्यावर आल्यावर त्यांना चहा प्यावासा वाटला, पण हॉटेलात एकटं बसायचं धाडस झालं नाही.

ब्लाउज शिवायला गल्लीतली योगिनी होती. विमलबाईंनी मापाचं जुनं ब्लाउज पुढं केलं.

"हे किती वर्षांचं आहे मावशी? तुम्ही ह्याच्यात मावत तरी का? इकडं या, नवीन माप घेते."

योगिनीनं त्यांचे हात धरून बाजूला केले. पाठीवरून टेप नेली, खांदा चाचपला, दंडाला हलकेच धरलं. "श्वास सोडा. पोट आत नका ओढू." तिचे हात कोमट होते. कुणी आपल्याला असं शेवटचं कधी हात लावला होता, हे विमलबाईंना आठवेना. बुद्धरत्न जाताना विमानतळावर गळ्यात पडला होता, तेव्हाच बहुतेक. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर लावली, पण डोळे भरून आलेच.

"दुखलं का?" योगिनी थांबली.

"नाही गं. घे तू माप."

रविवारी पिवळी नेसून त्या फोनची वाट बघत बसल्या. बुद्धरत्नचा चेहरा पडद्यावर आला. "अरे वा आई, छान दिसतेयस! कुठं निघालीस?"

"कुठं नाही."

"मग एवढी तयारी?" तो हसला. मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "आई, मित्र आलेत, नंतर करतो हं."

फोन बंद झाल्यावर त्यांनी कुसुमताईंना फोन लावला. "उद्या घरी आहेस का?"

"मी कुठं जाणार?" पलीकडून आवाज आला.

भोसरीला बस बदलून त्या निघोज्याला पोचल्या तेव्हा ऊन तापलं होतं. नव्या बिल्डिंगमध्ये तिसरा मजला. दार उघडलं आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. कुसुमताईंच्या अंगात विटलेला गाऊन होता, खांद्यावर टॉवेल. केस पार पांढरे झाले होते.

"अगं बाई! कुणाचं लग्न आहे इकडं?"

"लग्न कशाला? तुझ्याकडंच आले."

"माझ्याकडं? एवढी नेसून?" कुसुमताईंनी पदर चिमटीत धरला, उलटसुलट करून पाहिला. "कुणी निवडली?"

"मीच."

"चांगली दिसतीस," त्या म्हणाल्या, आणि एकदम आत चहा ठेवायला वळल्या.

मुलगा सुजित आणि सून दिपाली दोघंही कंपनीत. नात आत झोपली होती. चहा पिताना कुसुमताई हळू आवाजात सांगत राहिल्या. पोरं चांगली आहेत, काही कमी पडू देत नाहीत. पण सकाळी दोघं गेली की संध्याकाळपर्यंत भिंतीशी बोलायचं. खाली बायका बसतात, त्या सगळ्या तरुण. "साडी नेसून तरी काय करू? गाऊन अडकवला की झालं."

"साड्या आहेत कुठं तुझ्या?"

कुसुमताईंनी माळ्याकडे बोट दाखवलं. विमलबाई स्टुलावर चढल्या आणि बॅग ओढून खाली घेतली. डांबरगोळ्यांचा वास घरभर पसरला. त्यात सगळ्यात खाली एक जांभळी सुती साडी निघाली. घडीवर विरायला न लागलेली ती एकच. कुसुमताई आत जाऊन नेसून बघते म्हणाल्या. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात, तेव्हा विमलबाई आत डोकावल्या. ब्लाउज पुढं जुळत नव्हतं. चांगलं वीतभर अंतर राहत होतं. दोघींना हसू फुटलं. तोंडावर हात दाबून, नात उठेल म्हणून, त्या हसत राहिल्या. मग कुसुमताई पलंगाच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "राहू दे विमल. गेले ते दिवस."

"काही राहू द्यायचं नाही. सुतळी आहे का घरात?"

टेप नव्हती. विमलबाईंनी सुतळीनंच माप घेतलं, छातीचं, कमरेचं, दंडाचं, आणि प्रत्येक मापाला गाठ मारली. कुसुमताई हात पसरून मुकाट उभ्या होत्या. पाठीमागून सुतळी घेताना विमलबाईंचा हात त्यांच्या पाठीवर टेकला आणि थोडा वेळ तिथंच राहिला.

योगिनीकडून ब्लाउज शिवून आलं तसं विमलबाई ते घेऊन परत गेल्या. त्या दिवशी दिपालीची सुट्टी होती. जांभळी नेसून सासू बाहेर आली तेव्हा ती हातातलं काम टाकून बघतच राहिली. "आई, मी तुम्हाला साडीत बघितलंच नव्हतं इतक्यात. जा, फिरून या दोघी. पिल्लू आहे माझ्याजवळ."

दोघी गावाकडच्या रस्त्यानं चालत गेल्या. कंपन्यांचे कंटेनर धुरळा उडवत जात होते. जायला ठिकाण असं नव्हतंच. एका कट्ट्यावर बसून त्यांनी भेळ खाल्ली. एक बाई जाता जाता म्हणाली, "पाव्हण्या दिसताय." कुसुमताई म्हणाल्या, "व्हय, पाव्हण्याच." आणि कितीतरी वेळ त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

बसथांब्यावर त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात आम्ही गावी चाललोय. सुजितच्या आत्याकडं कार्य आहे. मग पावसाळा. मग बघू."

"हो, बघू," विमलबाई म्हणाल्या. दापोडीला कुसुमताई येतील असं दोघींपैकी कुणालाच वाटत नव्हतं.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मोशी गेली, भोसरीला बस बदलली, तिथंही खिडकीच मिळाली. शिफ्ट सुटलेल्या बायका जोडीजोडीनं चढल्या, दमलेल्या, एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपणाऱ्या. विमलबाईंच्या शेजारची जागा दापोडीपर्यंत रिकामीच राहिली.

घरी आल्यावर दिवा लावला. साडी बदलून जुना गाऊन घालावा म्हणून हात कपाटाकडे गेला, आणि त्यांनी तो मागं घेतला. पदर कमरेला खोचला, एक वाटी तांदूळ धुतले आणि कुकर लावला. शिट्टी होईपर्यंत खिडकीशी उभ्या राहिल्या. खाली गल्लीत लोक येत-जात होते. वर कुणी पाहिलं नाही. मग त्यांनी ताट वाढून घेतलं आणि सावकाश जेवल्या.