सरपंचाच्या जेवणाचा रांजण

मी एक जुना रांजण आहे, मित्रांनो. काठाचा टवका उडालाय, पण पोटाला एक चीर नाही. कुंभाराने मला असं खरपूस भाजलं की आजही बोटाने वाजवलं तर मी खणखणीत बोलतो.

वीस उन्हाळे मी गेवराईच्या या घराला गार पाणी पाजलं. पाहुणा आला की आधी माझ्याकडे यायचा. मग घरात थंड पाण्याचा जार आला आणि माझी रवानगी परसात झाली. माझ्यात केरसुण्या ठेवायला लागले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

माझे दिवस पालटले ते वनमालाताईंमुळे. त्या घरीच शिवणकाम करतात. मशीनशेजारी काचेच्या टाकीत त्यांचा वीतभर ऑस्कर मासा आहे. आल्यागेल्या प्रत्येकाला काचेपाशी येऊन भेटतो, म्हणून त्याचं नाव सरपंच. जात शिकारी, त्यामुळे अधूनमधून जिवंत खाणं लागतं. ताईंनी मला घासूनपुसून पाण्याने भरलं आणि नियम केला. बाहेरून आलेले छोटे मासे आधी पंधरा दिवस रांजणात राहतील. तिथे उकडलेला पालक आणि माशांच्या खाद्याचे दाणे खाऊन अंगाने भरतील, आणि रोग असला तर तो इथेच दिसेल. उपाशी मासा गिळून सरपंचाच्या अंगी काय लागणार?

राखीपौर्णिमेला ताईंचा धाकटा भाऊ भागवत चकलांब्याहून आला. वानवळा म्हणून मुगाच्या शेंगा आणल्या, आणि शेततळ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून सरपंचासाठी धरलेले कॅनभर मासेही. कॅन घेऊन तो थेट टाकीकडे निघाला. ताईंनी टाकीच्या झाकणावर हात ठेवला.

“माज्या रानातला वानवळा हाय, ताई. त्याला भाईर कावून ठिवायलीस?”

भावाचा वानवळा आजवर त्यांनी कधी अडवला नव्हता. खिडकीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. सरपंच मात्र तोंड उघडून वाटच पाहत होता.

“तू बी पाय धुऊनच घरात आलास ना, भागवत? तसंच हाय हे.”

भागवत न जेवता गेला. ताईंनी मासे माझ्यात सोडले आणि माझ्या काठाला धरून रडल्या.

चौथ्या दिवशी त्या माशांवर पांढरे ठिपके उठले. आठवड्यात सगळे मेले. माझ्या पोटात मेले, सरपंचाच्या नाही! ताईंनी मासे पुरले, मला मिठाने घासलं, उन्हात वाळवलं आणि मगच भावाला फोन केला. काय झालं ते सगळं सांगितलं.

मित्रांनो, आपण पाळलेल्या जिवाला प्रेमापोटी वाट्टेल ते भरवू नका. ते कुठून आलं ते विचारा, थोडं थांबा, ते जिवंत असेल तर त्यालाही आधी नीट खाऊ घाला. आणि परसातल्या जुन्या वस्तूला टाकाऊ म्हणण्याआधी एकदा वाजवून पाहा.

भाऊबिजेला भागवत पुन्हा आला. एका हातात माशांचा कॅन, दुसऱ्या हातात सरपंचासाठी गांडुळांचा डबा. फवारणीच्या कपाशीतली नव्हे, घरच्या शेणखताच्या ढिगातली गांडुळं, हे त्याने दारातूनच सांगितलं. पाय धुतले, टाकीकडे पाहिलंही नाही, सरळ परसात आला आणि मासे अलगद माझ्यात सोडले.

“पंधरा दिवस, ताई. मोजून घे.”

त्या दिवशी तो पोटभर जेवला. वीस वर्षं या घरचा पाहुणा आधी माझ्याकडे यायचा. अजूनही येतो.