मनुका, लवंग आणि सुपारी

अभिमनभाऊंच्या मळ्यात त्या दिवशी अकबरीनं चूल पेटवायच्या आधी मसाल्याचा डबा उघडला.

चौऱ्याण्णव सालची ही गोष्ट. रावेरची केळी बघायला दक्षिण अमेरिकेतून, इक्वेडोरहून, रामिरो नावाचा पाहुणा आला होता. चार दिवस तो भाऊंच्या बागेत घड न्याहाळत फिरला आणि पाचव्या दिवशी त्यानं पेटीतून एक बाटली काढली. त्याच्या बायकोचं माहेर अर्जेंटिनातलं. सासऱ्याच्या मळ्यातली तीन जातींची द्राक्षं एकत्र करून केलेली ती लाल वाइन होती. ही जेवताना सगळ्यांनी मिळून घ्यायची आणि जेवण तिला जुळणारं हवं, एवढंच त्याचं मागणं. भाऊंच्या आई ताईबाई मटणाला उंबरठ्याच्या आत येऊ देत नसत, तिथं बाटलीचं तर नावच नको. म्हणून दुपारचं जेवण मळ्यात, विहिरीजवळच्या आंब्याखाली ठरलं.

अकबरीचा नवरा खाजा होता तोवर आसपासच्या जावळाच्या, नवसाच्या पंगती त्याच्याच हातच्या. तो गेला आणि लोक तिचा दीर हारुन याला बोलावू लागले. पाचशे पानांची पंगत बाईच्यानं निभायची नाही, असं म्हणत. अभिमनभाऊंनी तिला एक संधी दिली होती. "भाभी, आज पाहुणा पोटभर जेवला, तर माघात नातवाच्या जावळाची चूल तुमची. नाहीतर हारुनला सांगावं लागेल." आणि हारुन तिथंच मटण धूत बसला होता.

"मी बाटलीला हात लावणार नाही," अकबरीनं आधीच सांगून टाकलं. मग भाऊंच्या सुनेकडे वळली. लता जळगावला शिकलेली, इंग्रजी बोलणारी. "बेटा, त्याला विचार, चव कशी आहे तिची?"

लतानं विचारलं. पाहुण्यानं खूप हात हलवले.

"चाची, म्हणतो की बोलून सांगता येत नाही."

"मग खाऊन सांगू दे."

तिनं केळीच्या पानावर आवळा, चिंच, काळी मनुका, लवंग आणि सुपारीचं खांड मांडलं. पाहुण्यानं बाटली उघडली. एक घोट घ्यायचा, एक जिन्नस चाखायचा. आवळ्याला नाही म्हणून मान हलवली. चिंचेला तर तोंडच फिरवलं. मनुका खाल्ली आणि त्याचे डोळे मोठे झाले. लवंगेला चिमूट दाखवली, थोडीशी. शेवटी सुपारी चावली, जिभेवर बोट ठेवलं आणि हसला.

"वास मनुकेचा, ऊब लवंगेची, आणि मागून सुपारीसारखं तोंड आखडतं," अकबरी म्हणाली. "आखडल्या तोंडाला चरबी पाहिजे. धूर चालेल. मिरची नाही चालणार."

"मिरची नाही?" हारुन ओरडला. "भाभी, जेवण दवाखान्यात पाठवायचंय का?"

अकबरीनं चूल पेटवली. पाहुण्याच्या तोंडात आधी काय आहे ते विचार, मग मीठ घाल, असं खाजा सांगायचा.

कांदा-खोबरं तिनं निखाऱ्यावर काळं होईस्तोवर भाजलं. मटण त्याच्याच चरबीत मंद शिजत ठेवलं, त्यात ते वाटून घातलं, सोबत लवंग आणि दगडफूल. वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीवर भाजून ठेचली, भरतात नुसता लसूण आणि कांद्याची पात घातली. सवयीनं दोनदा हात तिखटाच्या डब्याकडे गेला. दोनदा तिनं तो मागे घेतला.

पानं वाढली. भाऊंनी रस्सा भुरकला आणि थांबले.

"भाभी, रंग तर झकास आलाय. तिखट कुठं सांडलं?"

हारुन विहिरीकडे तोंड करून हसला. अकबरीच्या बोटांनी पदराचं टोक घट्ट धरलं.

"पाहुण्याला आपली चव तरी कळू द्या," म्हणत भाऊंनी घरून आणलेला ठेचा त्याच्या भाकरीवर वाढला. मायेनं, भरपूर. पाहुण्यानं घास घेतला आणि त्यावर वाइनचा मोठा घोट. त्याचा चेहरा लाल झाला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. जाळ प्यायल्यासारखा तो पेल्याकडे बोट दाखवू लागला. लता पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

"पाणी नको," अकबरी म्हणाली. तिनं एक पिकलं केळं सोलून त्याच्या हातात दिलं.

तो सावकाश केळं खाऊन शांत झाला, तेव्हा तिनं नवं पान मांडून मटण आणि भरीत वाढलं. त्यानं भीत भीत घास घेतला, मग घोट. पुन्हा घास, पुन्हा घोट. मग पेला खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी भाकरी मोडली. तिसऱ्यांदा रस्सा मागितला तेव्हा लताला काहीतरी बोलला.

"म्हणतो, सासऱ्याकडे अस्संच लाकडावर भाजतात. बायकोला आजच पत्र लिहीन म्हणतो."

भाऊंनी ठेचा बाजूला सारला. आपल्या पेल्यातला वाइनचा एक घोट घेतला, वर मटणाचा घास खाल्ला. "हं," म्हणाले. आणखी एक घास. "हं!" मग वाटी पुढे केली. "भाभी, माघात चूल तुमची. पण तेव्हा तरी मिरची घालाल ना?"

"भाऊ, तुमच्या पंगतीत पाणी पितात. सगळ्यांची नाकं गळतील एवढी घालीन." अकबरीनं रस्सा वाढला आणि विहिरीकडे बघितलं. "हारुन, माघात दुसरं काम घेऊ नकोस. मिरच्यांची देठं काढायला मला माणूस लागेल."