तीन पट्ट्या मागे

सासूबाईंनी युकुलेली, ती गिटारसारखी चार तारांची छोटी, जावयाच्या मांडीवर जवळजवळ आदळलीच.

"धरा. आज तरी नीट धरा."

जावई दातांचा डॉक्टर. अंगानं आडवा, बोटं त्याहून आडवी. सासूबाईंशी त्याचं आधीही पटत नव्हतं, पण मध्ये पडून सांभाळून घेणारी त्याची बायको होती. ती वारली, आणि आता दोघं समोरासमोर उरले. भांडण एकच: त्याची पाच वर्षांची लेक मुंगी कुणाकडे राहणार?

मुंगीला झोपताना आईचं युकुलेलीवरचं गाणं लागायचं. आता ती रडून रडून झोपायची. सासूबाईंची सगळी हयात युकुलेली शिकवण्यात गेलेली. त्यांनी अट घातली, "रविवारी दुपारी मुंगीला पटेल असं वाजवून दाखवा. नाही जमलं तर मी तिला घेऊन जाते." हा पठ्ठ्या इरेला पेटून हो म्हणाला. म्हणाला नसता तर त्या तेव्हाच घेऊन गेल्या असत्या.

गाणं तसं सोपं होतं. फक्त मधोमध एक डिमिनिश्ड कॉर्ड, चार सूर एकदम छेडून निघणारी कडवट सुरावट, ठाण मांडून बसली होती. नुसती वाजवली तर वाक्य अर्धं टाकून कुणी खोलीबाहेर जावं तशी वाटायची. ती गाळून वाजवलं, की मुंगी "हे आईचं नाही" म्हणून भिंतीकडे तोंड करायची.

सासूबाईंनी ती कॉर्ड दाखवली युकुलेलीच्या पार पोटापाशी, जिथं गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्या एकमेकींना खेटून असतात. चार तारा, चार बोटं, एक मागे, एक पुढे, पुन्हा एक मागे, एक पुढे. जावयाची दोनच बोटं तिथली सगळी जागा खायची.

"लोकांच्या तोंडात हात घालता, आणि चार तारांवर बोटं मावत नाहीत?"

"दुसरीकडे कुठं वाजत नाही का ही, आई?"

"नाही. माझी लेक वाजवायची तेव्हा दवाखान्यात बसून होतात. आता भोगा."

त्याचं डोकं फिरलं. पण बाई खरंच बोलत होत्या.

शनिवारी दवाखाना बंद करून तो पेशंटच्या खुर्चीतच सराव करत बसला. बोटं घसरली, रागानं त्यानं अख्खा हात तसाच मागे ओढला आणि तारा खसकन छेडल्या. तोच कडवटपणा! तो चमकला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तीन पट्ट्या मागे सरकलं की तीच कॉर्ड, आणखी तीन मागे गेलं तरी तीच. तिथं खुंट्यांजवळ जागा ऐसपैस होती. त्याला हसू फुटलं आणि लगेच धास्तीही वाटली. सासूबाई याला लबाडी म्हणणार.

रविवारी मुंगीची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. त्यानं वाजवायला घेतलं. मधली कॉर्ड आली तसा त्याचा हात खुंट्यांकडे गेला. सासूबाईंचा चेहरा पडला. कॉर्ड वाजली, गाणं पुढे गेलं आणि संपलं.

"ही काय वाजवायची जागा झाली?" सासूबाई तडकल्या.

"आई इथंच वाजवायची," मुंगी म्हणाली. "आजी, तूच शिकवलं होतंस ना तिला?"

जावयाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"ठाऊक होतं तुम्हाला. मुद्दाम मला अडचणीत कोंबलंत!"

"हो, मुद्दाम! लेक गेली माझी. नात तरी हवी होती मला."

"बॅग रिकामी करा." त्याला आणखी पुष्कळ सुनवायचं होतं. पण मुंगी त्याच्याकडेच बघत होती.

"बाबा, आई रोज वाजवायची. तू कधीच पाहिलं नाहीस?"

त्यानं मान खाली घातली. सासूबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, पण टोमणा मारला नाही. खाली बसून त्यांनी बॅगेची चेन उघडली.